आजी-आजोबा, मुलं आणि क्रूझ: मुंबईची एम्प्रेस की सिंगापूरची गेन्टिंग ड्रीम?

आधी घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट काढून बघा. कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीच्या, मुंबईहून सुटणाऱ्या एम्प्रेस जहाजावरून गोवा किंवा लक्षद्वीपला जायला साधं ओळखपत्र पुरतं. सिंगापूरहून सुटणाऱ्या गेन्टिंग ड्रीम जहाजासाठी पासपोर्ट, सिंगापूरचा व्हिसा आणि वर विमानभाडं. जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापुरातच येतं, म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा.

एम्प्रेस 1990 सालची, पूर्वी रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीकडे होती. लांबी 211 मीटर. ड्रीम 2016 ची, 335 मीटर. हा फरक मुलांना पहिल्या तासातच कळतो. एम्प्रेसवर स्विमिंग पूल, चढायची भिंत, थिएटरमधले कार्यक्रम आणि रात्री डीजे. दोन रात्रींना भरपूर झालं. ड्रीमवर वॉटर स्लाइड्स, झिपलाइन, दोरांवरची कसरत, बोलिंग. दहा-बारा वर्षांची पोरं असतील आणि खिशाला झेपत असेल, तर मी ड्रीमच घेईन.

आजी-आजोबांसाठी मात्र एम्प्रेस. जैन आणि शाकाहारी जेवण दोन्हीकडे मिळतं, पण इथे वाढणाऱ्याशी हिंदीत बोलता येतं, आणि विमानप्रवासाची दगदग वाचते. फक्त लक्षद्वीपची फेरी गुडघेदुखी असलेल्यांना सुचवणार नाही. तिथे मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, छोट्या बोटीत उतरून जावं लागतं, आणि समुद्र खवळला तर तेही रद्द. गोवा ‘बघायला’ म्हणूनही क्रूझ घेऊ नका. जहाज मुरगावला लागतं, तिथून पणजी तीसेक किलोमीटर, आणि संध्याकाळच्या आत परतायचं. गोव्याला ट्रेन आहेच की!

एम्प्रेसवरच्या खिडकी नसलेल्या खोल्या स्वस्त, पण चौघांना अगदीच अडचणीच्या. वरचे बंक उघडले की बॅगा ठेवायला जागा उरत नाही. ड्रीमवर बहुतेक खोल्यांना बाल्कनी आहे. बोट लागण्याची भीती असेल तर कुठल्याही जहाजावर खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली खोली मागा.

जाहिरातीतल्या भाड्यावर जाऊ नका. बंदर शुल्क, सेवा शुल्क, वाय-फाय, दारू, किनाऱ्यावरच्या सहली हे धरून माणशी आकडा लेखी घ्या. लहान मूल किड्स क्लबमध्ये ठेवायचं असेल तर वयाची अट आधीच विचारा. डायपरमधल्या बाळांना सहसा घेत नाहीत. आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीतच ठेवा, कारण मोठ्या बॅगा खोलीत पोचेपर्यंत संध्याकाळ होऊ शकते.