रिफर्बिश्ड लॅपटॉप: चार्जर काढला की व्हिडिओ पळतो, लावला की अडखळतो

माझ्या रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण ठाकठीक करून विकलेल्या, डेल लॅपटॉपचे स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ची एसएसडी, चौदा इंची फुल एचडी. कुठल्याशा कंपनीतून लीज संपून आलेला माल, नाशकातल्याच एका दुकानातून २१,५०० रुपयांना घेतला. मला लिहायचंय ते त्याच्यासोबत फुकट मिळालेल्या काळ्या ॲडॅप्टरबद्दल.

पावसाळ्यात घेतला आणि दिवाळीपर्यंत मी चार जणांना हाच घ्या म्हणून सांगत होतो. की-बोर्ड तर नव्या पन्नास हजारी लॅपटॉपांपेक्षा सरस. मग मुलीची सीईटीची तयारी जोरात सुरू झाली. लेक्चर १०८०पीवर (फुल एचडीत) लावलं की सरांचा हात फळ्यावर गोठलेला आणि आवाज मात्र पुढच्या गणिताला पोचलेला.

सिडकोत आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांनी ‘नेट स्लो असेल’ म्हणून निकाल देऊन टाकला. अहो, नेट स्लो असतं तेव्हा मधोमध चक्र फिरतं आणि आवाजही थांबतो. इथे चक्र नाही, आवाज अखंड, फक्त चित्र अडखळतंय. म्हणजे डेटा वेळेवर येतोय, तो उलगडायला लॅपटॉप कमी पडतोय. महागडा प्लॅन घेण्याआधी एवढं बघा, महिन्याचे पैसे वाचतील.

यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ हा आकडेवारीचा तक्ता उघडला. ड्रॉप्ड फ्रेम्सचा, म्हणजे दाखवायच्या राहून गेलेल्या चित्रांचा आकडा रिक्षाच्या मीटरसारखा चढत होता आणि कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ आवळायच्या पद्धतीच्या रकान्यात एव्ही०१. हे एव्ही१ कॉम्प्रेशन २०१८ सालचं. ते उलगडणारं हार्डवेअर इंटेलने अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० पासून दिलं. आठवीत ते नाही, त्यामुळे सगळं ओझं प्रोसेसरवर. ब्राउझरमध्ये ‘एन्हान्स्ड एच२६४इफाय’ हे फुकटचं एक्स्टेन्शन टाकलं. त्याने यूट्यूब जुनं एच.२६४ पाठवतं, आणि ते या ग्राफिक्सला सहज झेपतं. १०८०पीच्या वर जाता येत नाही, पण स्क्रीनच तेवढा आहे, वर जाऊन करायचं काय?

फरक पडला, पण पूर्ण नाही. मुळात चार कोअरच्या प्रोसेसरला १०८०पीचं एव्ही१ एवढं जड जायलाच नको, ही शंका राहिलीच होती. मार्चमध्ये एका संध्याकाळी लाइट गेली. वाय-फाय बंद, म्हणून मुलीने डाउनलोड करून ठेवलेलं लेक्चर बॅटरीवर लावलं, आणि ते लोण्यासारखं चाललं. लाइट आली, चार्जर लावला, तीच फाइल परत अडखळायला लागली. उलटंच! साधारणपणे लॅपटॉप बॅटरीवर मंद होतात.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्स, मग सीपीयू. स्पीड ०.३९ गिगाहर्ट्झ. काहीही उघडा, आकडा ढिम्म. पिन उपसली की दोन-तीन सेकंदांत २.९. परत खुपसली की ०.३९.

डेलच्या चार्जरच्या गोल पिनेच्या मधोमध सुईसारखी एक बारीक काडी असते. तिच्यातून वीज जात नाही. ॲडॅप्टर किती वॅटचा आहे ही माहिती त्यातली चिप त्या काडीवाटे लॅपटॉपला सांगते. माहिती पोचली नाही की लॅपटॉप समजतो, हा कोणीतरी परका, अशक्त ॲडॅप्टर आहे, आणि प्रोसेसरचा गळा आवळून बसतो. बॅटरीही भरत नाही. आमची कधी भरायची, कधी नुसतं ‘प्लग्ड इन’ दाखवायची. जुना माल म्हणून तिच्यावर ढकललं होतं.

दुकानदाराकडे गेलो. “दादा, रॅम टाकून घ्या, मक्खन चालेल.” मी त्याच्यासमोर पिन काढून-घालून आकडा दाखवला. तर म्हणे, “ॲडॅप्टर वॉरंटीत येत नाही.” कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने तर लॅपटॉप न उघडताच मदरबोर्डचा ११,००० रुपयांचा अंदाज हातात दिला. अर्ध्या किमतीत मदरबोर्ड!

माझं डोकं खरं फिरलं ते नंतर. ॲडॅप्टर ओळखू आला नाही तर हा लॅपटॉप सुरू होतानाच तसा इशारा देतो. मला तो एकदाही दिसला नव्हता. बायोस (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणारी मूळ सेटिंग) उघडून बघितलं, तर ‘ॲडॅप्टर वॉर्निंग’च्या चौकटीतली खूण काढलेली. खूण परत घातली, रीस्टार्ट केलं, इशारा हजर. ही खूण आपोआप निघत नाही हो. विकणाऱ्याला माहीत होतं, त्याने लॅपटॉपचं तोंड बंद करून माझ्या गळ्यात मारला. हे मी आता भेटेल त्याला सांगतो. बायको म्हणते, लग्नकार्यात तरी सांगू नका.

फुकटचा एक उपाय फिरतो: ‘थ्रॉटलस्टॉप’ हा प्रोग्रॅम घेऊन त्यातली ‘बीडी प्रोकहॉट’ची, म्हणजे बोर्डाने प्रोसेसरला ‘हळू चाल’ सांगायच्या संदेशाची खूण काढायची. काही दिवस तोही चालवला. वेग आला, बॅटरी मात्र भरेना. शिवाय बोर्डावरचा दुसरा एखादा भाग तापला तर प्रोसेसरला दम घ्यायला सांगणारा संदेशही त्याच वाटेने येतो. मे महिन्यात, पत्रा तापलेल्या वरच्या मजल्यावर तो बंद ठेवायची माझी तयारी नव्हती.

शेवटी नाशकातल्याच शालिमारला एका छोट्या गाळ्यातल्या दुरुस्तीवाल्याने आपला ओरिजिनल ६५ वॅटचा ॲडॅप्टर लावून बघितला. बायोसमध्ये लगेच ‘६५ वॅट’ आलं, स्पीड सुटला. बघण्याचे पैसेही घेतले नाहीत. तोच ॲडॅप्टर १,४०० रुपयांना घेतला.

आता पुतण्याच्या लग्नाची फोरके फाइल, एच.२६५ दहा बिट (हीही आवळायची एक जड पद्धत), ड्रोनच्या शॉटसकट सरळ चालते. ती उलगडणारं हार्डवेअर या पिढीत आहे; टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखालचा ‘व्हिडिओ डीकोड’ आलेख हलतो आणि सीपीयू निवांत बसतो. लॅपटॉपला पाचपैकी चार. दुकानाला शून्य. घ्यायला गेलात तर त्यांचाच ॲडॅप्टर लावून आधी सीपीयूचा आकडा आणि बायोसमधली ती चौकट बघा, मग पैसे काढा. रॅमची दुसरी पट्टी सीईटीच्या निकालानंतर, तीही शालिमारहूनच.