मोठ्या आकड्याची कुंडली काढायची असेल तर ओईआयएस

आकड्यांचा नाद असलेल्या प्रत्येकाने ही वेबसाईट वापरलीच पाहिजे असं माझं मत आहे. पूर्ण नाव ऑनलाईन एन्सायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सीक्वेन्सेस. नील स्लोन यांनी १९६४ साली विद्यार्थी असताना क्रमिका (म्हणजे ठरावीक नियमाने ओळीने येणाऱ्या पूर्णांकांच्या याद्या, त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे एक पद) गोळा करायला सुरुवात केली, १९९६ ला ते सगळं इंटरनेटवर आलं आणि आता साडेतीन लाखांच्या वर क्रमिका आहेत. फुकट आहे, जाहिराती नाहीत, शोधायला लॉगिनपण लागत नाही.

मी १४२८५७ टाकून बघितला. १ भागिले ७ केलं की दशांशात जे सहा अंक फिरत राहतात तो हा आकडा, २ ते ६ पैकी कशानेही गुणा, तेच अंक त्याच क्रमाने फिरून येतात, आणि ७ ने गुणलं की थेट ९९९९९९! रिझल्टमध्ये कापरेकर नंबरची यादी दिसली आणि खरंच आनंद झाला, आपल्या देवळालीच्या शाळामास्तरांचं नाव तिथे. कापरेकर नंबर म्हणजे ज्याच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की परत तोच आकडा येतो: १४२८५७ चा वर्ग करा, २०४०८१२२४४९ येतो, तो तोडून २०४०८ + १२२४४९ करा, परत १४२८५७.

पण इथेच साईटची मोठी अडचण आहे. सर्च फक्त पानावर छापलेल्या सुरुवातीच्या पदांमध्ये होतो, लांब याद्या वेगळ्या फाईलमध्ये असतात आणि त्या सर्चमध्ये धरतच नाहीत. त्यामुळे मोठा आकडा एखाद्या यादीत दिसला नाही म्हणजे तो त्यातला नाही असं अजिबात समजू नका. १४२८५७ हा हर्षद नंबरपण आहे (म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तो; इथे अंकांची बेरीज २७, आणि २७ × ५२९१ = १४२८५७), पण हर्षदची छापलेली यादी शे-दोनशेच्या आसपासच संपते मग तो सापडणार कसा.

सेल्फ नंबरचं तेच. म्हणजे कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जो आकडा बनत नाही तो, उदा. २१+२+१=२४ म्हणून २४ बाद, २० मात्र कशानेच बनत नाही. हेही कापरेकरांचंच, याला देवळाली नंबरपण म्हणतात. १४२८५७ साठी हाताने करून बघितलं, सहा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त ५४, म्हणून १४२८०३ पासून पुढचेच तपासायचे, आणि त्यातला एकही चालत नाही! म्हणजे कापरेकर, हर्षद, देवळाली, तिन्ही एकाच आकड्यात. हे साईटने एका सर्चमध्ये दाखवायला हवं होतं राव.

मोबाईलवर पान दाटीवाटीचं वाटतं, माहिती सगळी इंग्रजीत आणि फार त्रोटक, शाळेतल्या मुलांना शेजारी बसून समजावून सांगावं लागेल. तरी पाचपैकी साडेचार. आणि क्रमिका शोधताना पदांमध्ये स्वल्पविराम द्या, सुरुवातीची एक-दोन पदं सोडून टाका, रिझल्ट जास्त चांगले येतात.