न्यूकमेन की वॉट? आधी कोळसा कुठून येतो ते सांगा

जेम्स वॉट म्हटलं की शाळेतली किटलीची गोष्ट आठवते, झाकण हललं आणि वाफेचं इंजिन निघालं वगैरे. ती सोडून द्या. वॉट 1736 मध्ये जन्मला तेव्हा थॉमस न्यूकमेनचं इंजिन इंग्लंडात 24 वर्षं खाणीतलं पाणी उपसत होतं. वॉटने इंजिन शोधलं नाही, त्या इंजिनाची कोळशाची भूक कमी केली. त्यामुळे खरा पेच पडला तो खाणमालकाला, की जे चालतंय ते चालू द्यायचं का खर्च करून नवीन उभं करायचं. तर समजा साल 1778 आहे, खाण तुमची आहे, खाली पाणी भरतंय आणि भागीदार रोज डोकं खातायत. माझं मत आधीच सांगतो: इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये तांब्या-कथिलाच्या खाणीवर असाल तर डोळे झाकून वॉट, कोळशाच्याच खाणीवर असाल तर न्यूकमेनला हात लावू नका. दोन्ही निर्णय बरोबर होते आणि लोकांनी तेव्हा दोन्ही घेतले.

आता फरक नक्की काय ते बघू. न्यूकमेनच्या इंजिनात पिस्टनखाली सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग आतच गार पाण्याचा फवारा मारायचा, वाफेचं पाणी झालं की आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा पिस्टनला खाली दाबते. काम हवा करते, वाफ फक्त जागा करून देते. 1712 मध्ये डडली कॅसलजवळ पहिलं उभं राहिलं, मिनिटाला साधारण 12 फेऱ्या, दर फेरीला 10 गॅलन पाणी. त्या काळात ही चमत्काराचीच गोष्ट. पण गंमत अशी की प्रत्येक फेरीला तो अख्खा सिलिंडर गार करायचा आणि पुढच्या वाफेने परत तापवायचा, म्हणजे प्रत्येक पोळीनंतर तवा नळाखाली धरायचा आणि मग गॅस मोठा करून बसायचं, तसला प्रकार. कोळशातली जेमतेम एक टक्का ऊर्जा कामाला लागायची, बऱ्याचदा तेवढीही नाही.

1763-64 च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकमेन इंजिनचं एक छोटं मॉडेल वॉटकडे दुरुस्तीला आलं. चार-पाच फेऱ्या मारायचं आणि वाफ संपायची. दुसऱ्या कुणी बॉयलर मोठा करून दिला असता आणि बिल लावलं असतं, हा गडी मात्र वाफ जाते कुठे हे मोजत बसला. 1765 मध्ये त्याला उत्तर सुचलं: वाफ सिलिंडरमध्ये गार करायचीच नाही, शेजारच्या वेगळ्या भांड्यात, म्हणजे कंडेन्सरमध्ये, ओढून तिथे गार करायची. सिलिंडर कायम गरम, कंडेन्सर कायम गार. एवढंच! 1769 मध्ये पेटंट मिळालं.

पण कल्पना आणि चालणारं इंजिन यात 11 वर्षं गेली, आणि घेणाऱ्याने हा भाग नीट वाचावा. न्यूकमेनचा सिलिंडर थोडा वेडावाकडा असला तरी चालतं, कारण पिस्टनवर पाण्याचा थर ठेवला की फटी बुजतात. वॉटला ते पाणी चालत नाही, सिलिंडर परत गार होईल ना. म्हणजे सिलिंडर मुळात गोल पाहिजे आणि ते त्या वेळच्या कारागिरांना जमतच नव्हतं, पहिलं मोठं इंजिन सगळीकडून गळत होतं, पैसे लावणारा रोबक 1773 मध्ये बुडाला, आणि मग बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन भागीदार म्हणून आत आला. सुटका झाली ती तोफांमुळे. लोखंडाचा कारखानदार जॉन विल्किन्सनने तोफेची नळी कोरायचं नवीन तंत्र 1774 मध्ये काढलं आणि त्याच धर्तीवर सिलिंडर कोरून दिले. टिपटनच्या खाणीवरच्या 50 इंची सिलिंडरबद्दल बोल्टनने लिहिलंय की कुठेही जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीएवढासुद्धा फरक नाही. 1776 च्या मार्चमध्ये ते इंजिन आणि खुद्द विल्किन्सनच्या भट्टीवरचं दुसरं, अशी दोन चालू झाली.

बरं, मध्ये एक तिसरा पर्याय पण आहे जो लोक विसरतात. इंजिनिअर जॉन स्मीटनचं इंजिन. याने नवीन काही शोधलं नाही, न्यूकास्टलकडची चालू इंजिनं मोजली, आणि मग बॉयलर, झडपा, प्रमाणं सगळं नीट करून तेच जुनं इंजिन चांगलं बांधलं. अंदाज द्यायचा तर तेवढंच पाणी उपसायला साध्या न्यूकमेनला 100 पोती कोळसा लागत असेल तर स्मीटनच्याला 60 च्या आसपास आणि वॉटच्याला 25 ते 30. म्हणजे स्मीटनचा माल काही वाईट नाही, कुणाचं पेटंट नाही, गावातला लोहार ओळखतो ते यंत्र. बजेट कमी असेल तर मी याचाच विचार केला असता.

आता पैसे. बोल्टन आणि वॉट इंजिन विकत नाहीत, हे आधी समजून घ्या. ते नकाशे देतात, झडपांसारखे नाजूक भाग देतात, उभारणीला माणूस पाठवतात. सिलिंडर, लोखंड, लाकूड, इमारत सगळं तुमच्या खर्चाने. वर हप्ता: न्यूकमेनच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश, दरवर्षी, पेटंट आहे तोपर्यंत. 1775 मध्ये पार्लमेंटने ते पेटंट थेट 1800 पर्यंत वाढवून दिलंय, त्यामुळे लवकर सुटका नाही. फेऱ्या मोजायला इंजिनाच्या वरखाली हलणाऱ्या तुळईवर कुलूपबंद पेटीत काउंटर बसवतात, तुम्हाला त्यात बोट घालता येत नाही. तुलना कशाशी करायची यावरून भांडण नको म्हणून कॉर्नवॉलमधल्या पोल्डाइस खाणीवरच्या जुन्या इंजिनांची चाचणी घेऊन माप ठरवलं.

हिशोब करा. समजा जुनं इंजिन वर्षाला 300 पौंडांचा कोळसा खातं, नवीन 100 चा खाईल. वाचले 200, त्यातले 67 त्यांचे, 133 तुमचे. कॉर्नवॉलमध्ये तांबं आणि कथील भरपूर पण कोळसा औषधालाही नाही, सगळा वेल्सहून जहाजाने येणार, मग बंदरापासून खाणीपर्यंत जनावरांच्या पाठीवर. तिथल्या मोठ्या खाणींचं कोळशाचं बिल याहून खूप मोठं होतं, त्यामुळे तिथे हा सौदा नाकारणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. 1777 मध्ये तिथे पहिली वॉट इंजिनं लागली आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत न्यूकमेन तिथून जवळजवळ हद्दपार झालं.

आणि हेच गणित कोळशाच्या खाणीवर मांडून बघा. तिथे इंजिनाला घालतात तो चुरा, जो बाजारात कुणी घेत नाही, नाहीतर ढीगच लागायचा. वाचवला तरी विकणार कुणाला? महागडा सिलिंडर, कंडेन्सर, त्यातली हवा-पाणी बाहेर काढणारा हवेचा पंप हे सगळं बसवायचं आणि मिळणार काय तर चुऱ्याचा मोठा ढीग. म्हणून 1800 पर्यंत बोल्टन-वॉटची इंजिनं 500 च्या घरात गेली तेव्हाही त्या शतकात ब्रिटनमध्ये उभ्या राहिलेल्या एकूण इंजिनांचा आकडा 2000 च्या वर धरतात. यॉर्कशायरमधल्या एल्सेकारला 1795 मध्ये, म्हणजे वॉटचं इंजिन बाजारात येऊन 19 वर्षं झाल्यावर, कोळशाच्या खाणीवर न्यूकमेनचंच नवीन इंजिन बसवलं आणि ते 1923 पर्यंत चाललं. आजही जागेवर उभं आहे. मालकांना नवीन काही कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

देखभालीत मात्र न्यूकमेन सरळ जिंकतं. वॉटच्या पिस्टनला जुन्या दोरखंडाचे तंतू आणि चरबी यांचं पॅकिंग लागतं, ते सैल झालं की वाफ निसटते आणि तुमची बचत पण. हवेचा पंप बिघडला की इंजिन अडून बसतं. सुट्टे भाग आणि जाणकार माणूस दोन्ही लांबून येणार. बोल्टन-वॉटचा कारागीर विल्यम मर्डॉकसारखा माणूस कॉर्नवॉलमध्ये तळ ठोकून होता म्हणून तिथे निभावलं, तुमच्याकडे असा कुणी नसेल तर दोनदा विचार करा. आवाज? दोन्ही दणदणीत. वॉटने कॉर्नवॉलमधल्या चेसवॉटर खाणीचं इंजिन जरा हळू, कमी आवाजात चालेल असं लावून दिलं तर तिथले विल्सनसाहेब म्हणे इंजिन पिसाळल्यासारखं वाटल्याशिवाय झोपू शकत नाहीत, असं त्याने पत्रात लिहिलंय. मग त्याने नाद सोडला. गिऱ्हाईकाला मायलेज कागदावर पटतं पण दणका कानाला पटतो :)

एक धोका राहिला. हप्ता सुरुवातीला आनंदाने देतात, दोन-चार वर्षांनी तोच टोचायला लागतो. वेल्सच्या अँगलसी बेटावर स्वस्त तांबं निघालं, कॉर्नवॉलचा भाव पडला, तेव्हा हेच मालक बर्मिंगहॅमला पैसे कशाला पाठवायचे म्हणून कुरकुरायला लागले. काहींनी हॉर्नब्लोअर किंवा एडवर्ड बुल या तिथल्या इंजिन बांधणाऱ्यांकडून हप्त्याविना इंजिनं घेतली, त्यातही वेगळा कंडेन्सर होताच, आणि मग कोर्टकज्जे 1799 पर्यंत. शेवटी वॉट-बोल्टन जिंकले आणि थकलेले हप्ते वसूल झाले. त्यामुळे कुणी शेजारी स्वस्तात तसंच बनवून देतो म्हणाला तर घेऊ नका, वकिलाचा खर्च कोळशाच्या वर जाईल.

आणि 1795-96 मध्ये हा निर्णय घेत असाल, खाण उथळ असेल, तर मी थोडं थांबलो असतो. 1800 ला पेटंट संपतं, त्यानंतर हप्ता नाही, कंडेन्सर कुणीही बसवू शकतो. फक्त खाण खोल असेल आणि पाणी वर चढत असेल तर थांबायची चैन नको, बुडालेली खाण परत उपसायला जो कोळसा लागतो त्यापुढे तो एक तृतीयांश काहीच नाही.