पहिला लघुपट: मोबाइलवर की मिररलेस कॅमेऱ्यावर?

महोत्सवांसाठी पहिला लघुपट करताना हातातला मोबाइल वापरावा की मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा भाड्याने आणावा, हा प्रश्न मुख्यतः प्रकाशाचा आहे. दिवसाउजेडी मोबाइलचे चित्र मोठ्या पडद्यावरही टिकते. २०१५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात दाखवलेला दिग्दर्शक शॉन बेकर यांचा ‘टँजरिन’ हा चित्रपट आयफोन ५एसवर चित्रित झाला होता. रात्री मात्र प्रकाश टिपणाऱ्या लहान सेन्सरमुळे चित्रात दाणे येतात आणि ते लपवताना मोबाइल चेहऱ्यावरचे बारकावेही पुसून टाकतो, तर मिररलेसचा मोठा सेन्सर आणि जास्त प्रकाश आत घेणारी एफ १.८ची लेन्स मंद उजेडातही काम भागवते.

मोबाइलची फ्रेमसंख्या, म्हणजे सेकंदाला टिपलेल्या चित्रांची संख्या, चित्रीकरणात कमीजास्त होत राहते, त्यामुळे वेगळा मुद्रित केलेला आवाज लांब शॉटमध्ये ओठांशी जुळेनासा होतो. म्हणून अ‍ॅपमधून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचे शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ) पक्के करावे, म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झ विजेवरचे दिवेही लुकलुकत नाहीत. मिररलेसवर ही सोय मुळातच असते.

कॅमेऱ्याचे भाडे दिवसावर असल्याने नवख्या नटांना सावकाश घडवायला वेळ उरत नाही, आणि मला तोच वेळ सर्वांत मोलाचा वाटतो. कथा दिवसाची असेल तर मी निःसंकोच मोबाइल सुचवेन आणि वाचलेले पैसे चांगल्या माइकवर खर्च करायला सांगेन. रात्रीची असेल तर कॅमेराच घ्यावा.