तारकर्ली रस्त्यावरची ‘फ्रेश फिश’ खानावळ : पाचपैकी साडेतीन

आधीच सांगतो, मी बर्फवाला. वेंगुर्ल्यात बावीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढली, ट्रॉलरवाल्यांना लाद्या मोजून दिल्या. तेव्हा ‘फ्रेश फिश’ अशी पाटी दिसली की मी आधी कॅलेंडर बघतो. परवा जुलैचा दुसरा रविवार होता. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. आणि मालवणातून तारकर्लीकडे जाताना लागणाऱ्या या खानावळीच्या पाटीवर ‘फ्रेश’ पाच वेळा: फ्रेश फिश, फ्रेश थाळी, फ्रेश सोलकढी, फ्रेश लाइम सोडा आणि शेवटी फ्रेश रूम्स. रूम्स कुठल्या जाळ्यात सापडल्या कोण जाणे.

सोबत भाचा होता, मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. बसता बसता म्हणाला, “मामा, फ्रेश होऊन येतो.” परत आला तो हातावर साबण तसाच. बेसिनच्या नळाला बोअरचं मचूळ पाणी, साबणाला फेसच येईना. “फ्रेश व्हायला फ्रेश वॉटर लागतं,” म्हणून हसला. जहाजावर गोड्या पाण्याला हाच शब्द. जहाजाच्या कुशीला भाररेषा रंगवलेल्या असतात, त्यात ‘एफ’ लिहिलेली एक असते, ती गोड्या पाण्याची. गोडं पाणी हलकं, त्यात जहाज जास्त बुडतं, म्हणून ती रेघ खाऱ्या पाण्याच्या रेघेपेक्षा वर. इंग्रजीत या शब्दाचा अगदी जुना अर्थच ‘खारट नसलेलं’ असा होता, हेही त्यानेच सांगितलं. त्या हिशेबाने समुद्रातलं एकही पापलेट फ्रेश नाही, आणि घाटावरच्या धरणातला रोहू तेवढा फ्रेश! मालवणच्या बाजारात हे बोलून बघा, कोळणी कोयता घेऊन मागे लागतील.

आता थाळी. सुरमई, ४५० रुपये. मसाला झकास, रवा कुरकुरीत. पण बोटाने तुकडी मोडली तर रव्याचं कवच अख्खं सुटून आलं, खाली ताटात पाण्याचा ओघळ, आणि मांस सुतासारखं कोरडं. ही खूण मला डोळे मिटून कळते: फ्रीजर. बर्फ नव्हे. हा फरक लोकांना कळत नाही म्हणून थोडं सांगतो. बर्फात थरावर थर लावून ठेवलेला मासा गार होतो, गोठत नाही. धंद्याच्या इंग्रजीत तो चार दिवसांनीही ‘फ्रेश’च. एकदा गोठवला की तो ‘फ्रोझन’, मग पाटीवरचा शब्द खोटा. आमच्या बोलीत मात्र दोन्ही नाहीत. आम्ही म्हणतो ‘फडफडीत’, म्हणजे रापणीतून, किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्यातून, वाळूवर पडला आणि अजून शेपूट मारतोय तो.

गल्ल्यावर वयनी होत्या. विचारलं, “वयनी, सुरमय फ्रीजरातली ना?”

“होय, भावजी. मे म्हयन्यात घेवन ठेवलेली,” त्या सरळ म्हणाल्या. “पाटी काय दर जूनाक उतरवची?”

इथे माझा अर्धा राग गेला. खोटं बोलणाऱ्याला साडेतीन तारे देत नसतो मी. पण भाच्याने खुसपट काढलंच: मग पाटीवर ‘फ्रेश’ कशाला? वयनींचं उत्तर असं की ‘ताजी मासळी’ लिहिलं तेव्हा मुंबईचे पर्यटक गाडी थांबवत नव्हते, ‘फ्रेश’ लिहिल्यावर थांबायला लागले. यावर काय बोलणार?

खरी मजा पाटीवर नव्हतीच. वयनींनी आतून तिसऱ्यांचं सुकं आणून वाढलं, सकाळी खाडीतून काढलेल्या. शिंपल्या तोंड उघडून बसलेल्या, आत ओलं खोबरं शिरलेलं, वाळूचा एक कणही नाही. ज्यांना तिसऱ्या धुवायचं काम माहीत आहे त्यांना याची किंमत कळेल. भाच्याने तीन वाट्या संपवल्या. बिलात त्या लावल्याच नाहीत, मीच आग्रहाने १२० रुपये जास्त ठेवले.

सोलकढीला मात्र ‘फ्रेश’ शब्द शोभतो. नारळाचा रस त्याच दुपारचा होता. उशीर झाला की तो आंबतो, वर पाणी सुटतं. इथली एकसारखी गुलाबी होती, आगळ म्हणजे कोकमाचा अर्क जिभेला लागेल इतका, लसूण नावाला. लाइम सोडा बाटलीतला, सोडून द्या.

अर्धा तारा मचूळ नळाचा कापला आणि एक सुरमईचा. पावसाळ्यात जाणार असाल तर मेनूकार्ड उघडूच नका, खाडीतलं काय आलंय ते वयनींना आदल्या दिवशी फोन करून विचारा. नारळी पौर्णिमेनंतर मी सुरमईसाठी पुन्हा जाणार आहे, आणि हात धुवायला गाडीत पाण्याची बाटली नेणार आहे.