ऑफर लेटरमधल्या तीन चुका

मुलांच्या निबंधांवर लाल पेन चालवणं हे माझं सात वर्षांचं काम. सकाळी एका शाळेत कंत्राटावर इंग्रजी शिकवते, संध्याकाळी लालबागला घरीच आठवी ते दहावीचा क्लास. आणि बँकॉकच्या एका शाळेच्या नावाने मला आलेल्या ऑफर लेटरमध्ये इंग्रजीच्या तीन चुका होत्या. ‘प्लीज्ड’मधला शेवटचा ‘डी’ गायब, पस्तीस ‘थाउजंड’ला उगाच ‘एस’ चिकटवलेला, आणि ‘कम्पल्सरी’चं स्पेलिंग आमची सातवीतली पोरं लिहितात तसं. तिन्ही पहिल्याच वाचनात दिसल्या. मी मनाशी म्हटलं, थाई लोकांनी लिहिलंय. त्यांना धड इंग्रजी येत असतं तर मला कशाला बोलावलं असतं?

हे पत्र हातात पडल्यावर मी पासष्ट हजार भरले. त्याआधीचे धरून एकूण गेले ते १,०२,००० रुपये.

सुरुवात २०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत झाली. फोनवर जाहिरात दिसली, परदेशात इंग्रजी शिकवा, अनुभवाची अट नाही. अंधेरी पूर्वेला, मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांवर ऑफिस. लिफ्ट, काचेचा दरवाजा, थंडगार केबिन. दारावरची पाटी जराशी तिरकी होती, डबल टेपने लावलेली. माझं लक्ष गेलं, पण तेव्हा वाटलं, नवीन ऑफिस असेल, ड्रिल मारायला सवड मिळाली नसेल.

बघा, हे असं. पुढचे दीड महिने मी हेच केलं. शंका माझी आणि उत्तरही माझंच, तिथल्या एजंटला तोंड उघडायची वेळच आली नाही.

तो चाळिशीचा, शुद्ध मराठी बोलणारा. आधी मॅडम म्हणाला, चहा येईपर्यंत ताई. मी कोरियाचं नाव काढलं तर हसला. “कोरिया विसरा ताई. तिकडे इंग्रजी शिकवायचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या लोकांना मिळतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. चीनचंही बरंचसं तसंच. उगाच पैसे घेऊन तुम्हाला झुलवणारे पुष्कळ आहेत, मी त्यातला नाही.” घरी येऊन मी शोधलं, तर सात देशांची गोष्ट खरी निघाली. तिथेच मी त्याच्या खिशात गेले. फसवणारा माणूस सगळंच खोटं बोलतो अशी माझी समजूत होती. हा तर मला अडचणीची माहिती आपणहून देत होता! शिवाय निघताना म्हणाला, “आपल्या मराठी मुली बाहेर पडतच नाहीत हो. केरळच्या नर्स बघा, जगभर आहेत.” मला ते लागलंच.

थायलंड खरंच शक्य आहे, हेही खरं. पदवी असेल आणि इंग्रजी चाचणीत पुरेसे गुण असतील तर तिथल्या शाळा भारतीयांना, फिलिपिनो लोकांना घेतात. पण मला चाचणीचे गुण कोणी विचारलेच नाहीत. मुंबई विद्यापीठाची एमएची मार्कशीट सुद्धा त्याने मोबाइलवर फोटो काढून घेतली आणि संपलं. नोंदणीचे पंधरा हजार रोख दिले. पावती मागितली तर म्हणाला, शेवटी एकत्रच जीएसटीचं बिल देतो.

मग कोर्स, बावीस हजारांचा. परदेशात शिकवायला १२० तासांचं प्रमाणपत्र लागतं, असं सगळीकडे सांगतात, आणि बऱ्याच ठिकाणी मागतातही. माझे १२० तास तीन संध्याकाळी संपले. चार पीडीएफ, शेवटी वीस प्रश्न, प्रश्न चुकला तर परत निवडायची सोय. त्यावर सोनेरी शिक्का असलेलं प्रमाणपत्र आलं. इंग्रजी शिक्षकांसाठीचा केंब्रिजचा सेल्टा कोर्स करणारी एक मैत्रीण त्याच सुमारास रात्रीचा दिवस करत होती. त्या कोर्सात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, मागे परीक्षक बसून टिपणं काढत असतो. तिचा चेहरा सुकलेला बघून मला चक्क तिची कीव आली होती.

मुलाखत व्हॉट्सअॅपवर झाली. ‘प्रिन्सिपल’चा कॅमेरा बिघडलेला, फक्त आवाज. अकरा मिनिटांत तीन प्रश्न, त्यातला एक माझं लग्न झालंय का. दोन दिवसांनी ते तीन चुकांचं पत्र. बँकॉकमधली शाळा, पगार पस्तीस हजार बाट. अडीचने गुणून बघितलं. कंत्राटी शिक्षिकेला एवढे आकडे बघितल्यावर स्पेलिंग दिसत नाही.

पासष्ट हजार हे शाळेचं डिपॉझिट आणि वर्क परमिटची फी, असं सांगितलं. बाबा बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. त्यांची पतपेढीत ठेव होती, ती मोडली. खातं कंपनीचं नव्हतं, कुठल्याशा बाईच्या नावाचं. आधीचे बावीस हजार तिसऱ्याच एकाच्या यूपीआयवर गेले होते. बाबांनी विचारलं, “नावं वेगवेगळी कशी गं?” मी म्हटलं, “बाबा, बिझनेसमध्ये असंच असतं.” मला बिझनेसमधलं ओ की ठो कळत नाही.

पुढची मागणी अठ्ठेचाळीस हजारांची, तिकीट आणि ‘एम्बसी’साठी. इथे गाडी अडली, कारण पैसे संपले होते. अक्कल आली म्हणून नव्हे. वेळ काढायला मी व्हिसाचं विचारलं. तो म्हणाला, “या वर्षी जुलैपासून साठ दिवस भारतीयांना व्हिसा लागतच नाही. तुम्ही फक्त जा, पुढचं शाळा बदलून घेते.” परत अर्धं खरं. साठ दिवसांची सवलत होती, पण ती फिरायला जाणाऱ्यांची. नोकरीसाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो, त्याची कागदपत्रं शाळेने द्यायची असतात, आणि वर्क परमिट हातात येईपर्यंत वर्गात उभं राहणं बेकायदा. काही जणांचा व्हिसा तिकडे बदलून मिळतो, पण तेव्हाही खटपट शाळेची असते, अंधेरीतल्या माणसाची नव्हे.

त्या रात्री मी शाळेची वेबसाइट उघडली. शाळा खरी होती. प्रिन्सिपल बाई होत्या, माझी मुलाखत पुरुषाने घेतली होती. मी साइटवरच्या पत्त्यावर ईमेल टाकला, ऑफर लेटर जोडलं. खरं तर हे मी पहिल्याच दिवशी करू शकले असते, त्याला एक पैसा लागत नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं, चार ओळींचं, अगदी निर्दोष इंग्रजीत. आमच्याकडे जागा नाही, उमेदवाराकडून आम्ही कधीही पैसे घेत नाही, आणि फिलिपिन्समधल्या दोघांनी असंच पत्र पाठवून विचारलं आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून अंधेरी गाठली. दारावर वेगळीच पाटी, कुठल्या तरी विमा सल्लागाराची. ही नीट स्क्रूने बसवलेली. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “ते सर तासावर केबिन घ्यायचे. मंगळवार-शुक्रवार.” मी कायम मंगळवारी किंवा शुक्रवारीच का जात होते, ते तेव्हा कळलं.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. पलीकडच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, पैसे कधी पाठवले? अकरा दिवस झाले होते. काही तासांत कळवलं असतं तर रक्कम खात्यात अडकवता आली असती, आता ती पुढे तीन-चार खात्यांत फुटली होती. पोलीस ठाण्यात रोख पंधरा हजारांची पावती मागितली. नव्हतीच. मग अधिकाऱ्याने सहज विचारावं तसं विचारलं, “बँकॉकच्या विमानतळावर घ्यायला कोण येणार होतं?” मला नाव माहीत नव्हतं. तो काही बोलला नाही, लिहीत राहिला. थायलंडमधल्या नोकरीचं आमिष दाखवून तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर राबवतात, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ सालीच दिला होता. मी तो घरी येऊन वाचला. अठ्ठेचाळीस हजार जवळ नव्हते याबद्दल देवाचे आभार मानावेत की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आईने मात्र सिद्धिविनायकाला जाऊन नारळ फोडला.

पुढे बीकेसीतल्या विदेश भवनातही गेले. तिथे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचं सरकारी ऑफिस आहे. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे १९८३च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही बघता येते. माझ्या माणसाचं नाव त्यात नव्हतं. नोंदणीकृत एजंटलाही तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, याच्या वर फी घेता येत नाही. मी जवळपास तिप्पट देऊन बसले होते. आणि पोलीस क्लिअरन्ससाठी त्याने ‘पुढे बघू, सात हजार लागतील’ म्हणून ठेवलं होतं, ते पासपोर्ट ऑफिसमधून पाचशे रुपयांत मिळतं.

पैसे परत आलेले नाहीत. तक्रार क्रमांक आहे, महिन्याला एक फोन करते. बाबा त्या ठेवीबद्दल चकार शब्द काढत नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो.

हे सगळं आमच्या शिक्षकांच्या एका ग्रुपवर लिहिलं, तेव्हा विरारच्या एका मुलीने मला तिचं ऑफर लेटर पाठवलं. बँकॉकच्या जागी हनोई, शाळा वेगळी, सही वेगळी. ‘प्लीज्ड’चा ‘डी’ तसाच गायब. तिने अजून नोंदणीचे पंधरा हजारच भरलेत. मी फोन करून ती चूक दाखवली. क्षणभर गप्प बसली, मग म्हणाली, “हो ताई, मला पण दिसली होती. पण तिकडच्या लोकांचं इंग्रजी असंच असेल ना?”