धावण्याचे घड्याळ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात यवतेश्वरचा घाट धावून घरी आलो, घड्याळ चार्जिंगला लावले आणि ते चार्ज होईना. पालथे करून पाहिले, तर मागच्या, चार्जर जोडायच्या चार सोनेरी ठिपक्यांपैकी एक हिरवट काळा पडला होता आणि त्याच्या कडेला मिठाची पांढरी रेघ धरली होती. नख लावताच वरचा मुलामा भुकटीसारखा निघून आला. १२ हजार रुपये मोजून घेतलेली वस्तू आठव्या महिन्यात घामाने खाल्ली, याचा मला मनापासून राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

सर्व्हिस सेंटरने घड्याळ दोन मिनिटे भिंगाखाली धरले आणि "हे घामामुळे झाले आहे, वॉरंटीत बसत नाही," असे सांगून ६,५०० रुपयांत बदली घड्याळ देऊ केले. धावणाऱ्यांसाठी म्हणून विकलेल्या आणि खोक्यावर ५० मीटर पाण्याची खात्री छापलेल्या वस्तूला घाम चालत नसेल, तर ती नेमकी कोणासाठी बनवली आहे? ठिपक्यांवर ओल असताना चार्जर जोडला, की विजेच्या प्रवाहामुळे खारट घामाने भिजलेला धातू झपाट्याने गंजतो. धावून आल्यावर घड्याळ साध्या पाण्याने धुवा, पुसून कोरडे करा आणि मगच चार्जिंगला लावा, एवढी एक ओळ माहितीपत्रकात ठळक छापली असती तरी माझे नुकसान टळले असते.

बाकीच्या अनुभवाविषयी माझे मत मधल्या काळात बदलले, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. नोव्हेंबरात धावायला लागलो तेव्हा वजन ८६ किलो होते. घड्याळ १० किलोमीटरला हजाराच्या वर कॅलरी दाखवत असे आणि मी त्या आकड्यावर विसंबून जेवत असे. दोन महिने वजनाचा काटा जागचा हलला नाही. सपाट रस्त्यावर धावताना साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे किलोमीटरला एक कॅलरी खर्च होते, म्हणजे माझा हिशेब ८६० च्या आसपास यायला हवा होता. जानेवारीतल्या एका थंड पहाटे घड्याळ हृदयाचे ठोके १६४ दाखवत असताना मी थांबलो, मानेवर बोटे ठेवली आणि १५ सेकंदांत ३४ ठोके मोजले, म्हणजे मिनिटाला १३६. माझी पावले मात्र मिनिटाला बरोबर १६४ पडत होती. मनगटावर टेकणारा, ठोके मोजणारा घड्याळाचा हिरवा दिवा रक्ताऐवजी पावलांचा ठेका मोजत होता आणि त्या फुगलेल्या ठोक्यांवरून कॅलरीही फुगत होत्या.

पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर घेतला, एक भोक घट्ट केला आणि पहिली दहा मिनिटे संथ धावून अंग तापू दिले, तेव्हा आकडे ताळ्यावर आले. मग मला कळले, की मी रोज गरजेपेक्षा जोरात धावत होतो. किलोमीटरला सात मिनिटांवरून सव्वाआठ मिनिटांवर आलो. शेजारच्याशी बोलत बोलत धावता येऊ लागले, गुडघा दुखायचा थांबला आणि आठवड्याचे अंतर १८ वरून ३५ किलोमीटरवर गेले. कॅलरीच्या आकड्याकडे पाहून जेवणे बंद केले. आज वजन ७८ किलो आहे. हा बदल घड्याळाशिवाय झाला नसता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. जीपीएसही एरवी चोख आहे. फक्त घाटात कड्याच्या बाजूला दर वेळी शंभर-दीडशे मीटर इकडेतिकडे होतात, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

काळा ठिपका मी पेन्सिलीच्या खोडरबराने हलक्या हाताने घासला आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. घड्याळ पुन्हा चार्ज होऊ लागले, पण क्लिप एका विशिष्ट कोनात दाबून वर रबरबँड लावला तरच. वॉरंटीचे चार महिने शिल्लक आहेत. कंपनीकडे फोटोंसह लेखी तक्रार दिली आहे, आणि तिचे उत्तर येईपर्यंत हे घड्याळ घ्या असे मी कोणालाही सांगणार नाही.